दरवर्षी घासूनही परत येणारं शेवाळ: बोळ, पायऱ्या आणि गच्ची नक्की कशाने साफ करायची

प्रॉब्लेम आधी नीट सांगते, म्हणजे तुमच्याकडे हाच आहे का ते कळेल. आमचं कोथरूडला तळमजल्याचं घर, बिल्डिंग जुनी, मागच्या बाजूला घराची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधे जेमतेम तीन फुटांची बोळ, खाली शहाबादी फरशी आणि मागच्या दाराला चार पायऱ्या. जूनमध्ये पाऊस धरला की पंधरा दिवसांत बोळ हिरवी, जुलैत काळपट हिरवी आणि बुळबुळीत, गणपतीपर्यंत तर पाय ठेवायची सोय नाही. घासायचो, चार दिवस बरं वाटायचं, की परत तेच. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये सासूबाई मागे ओला कचरा टाकायला गेल्या, तिसऱ्या पायरीवरून पाय सटकला, पडताना हात टेकवला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि त्यानंतर कितीतरी महिने त्यांना कणीक मळता येत नव्हती, जी त्यांना कधीच दुसऱ्या कोणी मळलेली आवडत नाही. तेव्हापासून मी या शेवाळाच्या मागेच लागले आहे, आणि दोन पावसाळे घालवून जे कळलं ते लिहितेय.

पहिली चूक आमची ही होती की आम्ही हत्यार बदलत होतो आणि ते आधीच्यापेक्षा जास्त जोरकस घेत होतो. झाडूने जात नाही म्हणून खराटा, खराट्याने जात नाही म्हणून तारेचा ब्रश, तारेच्या ब्रशने जात नाही म्हणून ॲसिड. माझी मोठी बहीण टोरंटोत असते, ती दर हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ स्वतः काढते, म्हणजे घसरड्या पायऱ्यांचा अनुभव तिला माझ्यापेक्षा दांडगा. ती फोनवर म्हणाली, अगं तू एकाच वस्तूने सगळं करायला बघतेस म्हणून होत नाहीये. तिच्या गॅरेजमध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात. ताजा भुसभुशीत बर्फ ढकलायला रुंद, किंचित वाकवलेलं फावडं, पायाखाली आणि गाडीच्या चाकाखाली दाबून काचेसारखा झालेला थर फोडायला सरळ दांड्याचं जड लोखंडी पातं, आणि तरीही जे पातळ निसरडं उरतं त्यावर टाकायला मीठ किंवा वाळू. लाकडी डेकवर ती लोखंडी फावडं लावतच नाही, तिथे प्लॅस्टिकचं, कारण लाकूड खरवडलं जातं. आणि मुख्य म्हणजे बर्फ पडला की लगेच काढायचा, तुडवला गेला की कामाला चौपट वेळ. हे ऐकलं आणि मला आमच्या बोळीतलं सगळं नव्याने दिसायला लागलं, सैल काय आहे, चिकटलेलं काय आहे, उरलेलं बुळबुळीत काय आहे आणि खाली फरशी कुठली आहे, हे चार प्रश्न आधी, दुकानात जाणं नंतर.

फक्त तिची एक गोष्ट इथे करू नका, मीठ. आम्ही केली, पाच किलो जाडं मीठ बोळीत पसरलं, कारण तिकडे बर्फ त्यानेच जातो. पण तिकडे मीठ टाकतात ते पाण्याचा गोठणबिंदू खाली आणायला, शून्याला गोठणारं पाणी मिठामुळे उणे काही अंशांपर्यंत पातळ राहतं, आणि उणे नऊ-दहाच्या खाली गेलं की साधं मीठही फारसं कामाचं राहत नाही, मग कॅल्शियम क्लोराइड वापरतात. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही. मिठाने शेवाळ थोडं मरतं हे खरं, पण पुढच्या सरीला मीठ वाहून गेलं ते थेट कंपाउंडलगतच्या वाफ्यात, अबोली आणि कढीपत्ता दोन्हींची पानं कडेने जळली, कढीपत्ता वाचला, अबोली गेली. शिवाय खारं पाणी काँक्रीटमध्ये मुरलं की आतल्या सळया गंजतात. पायऱ्या, स्लॅब, कॉलमच्या आसपास मीठ अजिबात नको. वाळूसुद्धा तात्पुरतीच, दोन दिवस पकड देते आणि मग चेंबर तुंबवते.

आता हे शेवाळ म्हणजे आहे काय ते समजून घेतलं की परत का येतं ते आपोआप कळतं. आपण सरसकट शेवाळ म्हणतो पण त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक मखमलीसारखं हिरवं, सांध्यात आणि भिंतीच्या कडेला वाढणारं, बोटाने उचललं तर मातीसकट गादीसारखं निघतं, हे मॉस. दुसरं म्हणजे फरशीवर पसरलेलं बुळबुळीत, कधी हिरवं कधी जवळपास काळं, गच्चीवर तर भिजवलेल्या काळ्या बुरशीसारखे जेलीचे गोळे दिसतात ना, ते नील-हरित शेवाळ. पाय सटकतो तो या दुसऱ्यावरून, कारण त्याच्याभोवती चिकट आवरण असतं. आणि याची खरी खोच अशी की उन्हाळ्यात हे मरत नाही. वाळून काळी पापडी होऊन बसतं, आपल्याला वाटतं धूळ आहे, डाग आहे, जुनी गच्ची म्हणजे काळी असणारच. पहिल्या पावसात तेच परत फुगतं. मी मे महिन्यात करून बघितलं, बोळीतल्या एका काळ्या डागावर वाटीभर पाणी ओतलं आणि चहा करून परत आले तर डागाच्या कडा हिरवट झालेल्या आणि बोट फिरवलं तर बुळबुळीत. भर उन्हाळ्यात! आपण जुलैत घासतो तेव्हा वरचा ओला थर जातो आणि फरशीच्या बारीक छिद्रांतलं सगळं तसंच राहतं, म्हणून चार दिवसांत परत.

त्यामुळे सगळ्यात उपयोगी बदल हत्यारात नाही केला, महिन्यात केला. मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाचा पाऊस नसेल असे दोन-तीन दिवस बघून, कोरडं खरवडायचं. पाण्याचा थेंब नाही घालायचा. त्याला पेंटर पुट्टी लावायला वापरतो ती चार इंची लोखंडी पट्टी, किंवा हार्डवेअरवाल्याकडे लांब दांड्याचा फ्लोअर स्क्रॅपर मिळतो तो. मी दांड्याचाच घ्यायला सांगेन, उकिडवं बसून तीन फुटांच्या बोळीत तासभर खरवडलं की कंबर बोलते. पट्टी उभी धरायची नाही, जवळजवळ फरशीला टेकवून, आपण तव्याला चिकटलेलं धिरडं उलथण्याने सोडवतो तशी सरकवायची, पापडी सुटी होऊन येते आणि फरशीला ओरखडा पडत नाही. तोंडाला रुमाल बांधा, फार बारीक धूळ उडते. आणि निघालेली भुकटी सुपलीत भरून कचऱ्यात टाका, पाण्याने मोरीकडे लोटू नका, तो वाळलेला चुरा भिजला की परत जिवंत होतो आणि जिथे जिथे पाणी जाईल तिथे तिथे बसतो. आम्ही वर्षानुवर्षं बोळीचं शेवाळ स्वतःच पार्किंगपर्यंत पोचवत होतो.

पावसाळा सुरू झाल्यावरची हत्यारं वेगळी. खराटा हवाच, पण नवा करकरीत खराटा यासाठी उपयोगाचा नाही, त्याच्या काड्या लांब असतात आणि वाकतात, शेवाळावरून नुसत्या सरकतात. झिजून अर्धा झालेला खराटा मात्र फार कामाचा, म्हणून तो फेकू नका. नसेल तर नव्याचीच टोकं चार बोटं छाटायची आणि काड्या खालपासून वीतभर अंतरावर सुतळीने किंवा बाइंडिंगच्या तारेने अजून एकदा करकचून आवळायच्या. मंडईजवळून आणलेल्या खराट्याला मी असंच केलं, टोकं छाटल्यावर तो ब्रशसारखा ताठ झाला आणि सांध्यांमधलं मखमली मॉससुद्धा त्याने उपसून निघालं. त्याच्या जोडीला लांब दांड्याचा कडक नायलॉनचा ब्रश, पुण्यात बोहरी आळीत ब्रशवाल्यांकडे हात लावून बघून घ्या, केस अंगठ्याने दाबले तर लगेच आडवे पडता कामा नयेत.

तारेचा ब्रश मी शहाबादी, कोटा आणि गच्चीच्या कोब्यावर बंद केला. एक तर त्याच्या तारा तुटून फटीत अडकतात आणि गंजून तांबूस डाग पडतात, आमच्या दुसऱ्या पायरीवर अजून आहेत. दुसरं म्हणजे सिमेंटचा वरचा गुळगुळीत थर खरवडला जातो, खडबडीत जागा झाली की शेवाळाला धरायला अजून बरं. खडबडीत काळ्या दगडाची पायरी किंवा जोतं असेल तिथे चालतो, बसाल्ट टणक असतो.

ॲसिडबद्दल जरा थांबून लिहिते कारण हे फार जण करतात आणि मीही केलं. शहाबादी, कोटा, कडप्पा हे तिन्ही चुनखडीचे दगड. ॲसिड ओतलं की फेस येतो, आपल्याला वाटतं वा, घाण निघतेय, पण तो फेस दगड विरघळण्याचा असतो. आमच्या पहिल्या पायरीवर मी ओतलं, फरशी त्या दिवशी पांढरीशुभ्र दिसली आणि पुढच्या पावसात त्याच पायरीवर बाकी तिघींपेक्षा जास्त शेवाळ आलं, कारण घोटलेला पृष्ठभाग जाऊन लाखो बारीक खड्डे उघडे पडले. लिंबू, व्हिनेगर हे घरगुती म्हणून लोक सुचवतात, तेही ॲसिडच, दगड खाण्याचा वेग कमी एवढंच. सिमेंटच्या चेकर्ड टाइल्स आणि पेव्हर ब्लॉक यांनाही ॲसिड नको. ग्लेझ्ड टाइल्सना काही होत नाही पण मधलं ग्राउट जातं.

मग उरलेल्या बुळबुळीत थराला काय, तर ब्लीचिंग पावडर. दहा लिटरच्या बादलीत एक मूठ, नीट ढवळून, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी झारीने फरशीवर. पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवायचं, ही वाट बघणं महत्त्वाचं आहे, लगेच घासलं तर नुसता वास येतो आणि काम होत नाही. मग नायलॉनचा ब्रश, मग भरपूर साधं पाणी. उघडीप असलेली संध्याकाळ बघा, दहा मिनिटांत सर आली तर सगळं वाहून गेलं. पावडर ताजी घ्या, हवा लागून दमट झालेल्या पुडीत जोर उरत नाही, गेल्या वर्षीची उरलेली वापरून मग ही काही कामाची नाही म्हणू नका. हातात रबरी ग्लोव्हज, कुंड्या आणि वाफे बाजूला किंवा आधी भरपूर पाणी घालून ठेवलेले, मांजर-कुत्रं घरात.

आणि हे अगदी हात जोडून सांगते, ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र कधीही येऊ देऊ नका. आधी ॲसिड टाकलेल्या ओल्या फरशीवर ब्लीचिंग नाही, एकाच बादलीत नाही, आणि संडासाच्या निळ्या लिक्विडमध्ये बहुतेक वेळा ॲसिडच असतं, तेही नाही. क्लोरीन वायू तयार होतो, आणि तीन फुटांच्या बोळीत तो बाहेर जाणार कुठे? कामाला बाई किंवा मामा येत असतील तर त्यांना हे तुम्ही स्वतः सांगा, डब्यावर लेबल आहे यावर सोडू नका.

प्रेशर वॉशर घ्यावा का असं आमच्या सोसायटीतही चाललं होतं. पार्किंगच्या काँक्रीट रॅम्पला आणि चेकर्ड टाइल्सना तो खरंच छान, फवारा पंख्यासारखा रुंद ठेवून, फुटभर लांबून. पेव्हर ब्लॉकवर एका जागी धरला की सांध्यातली वाळू उडते आणि ब्लॉक हलायला लागतात. गच्चीवर तर मी नको म्हणेन, जुन्या ब्रिकबॅट कोब्यात, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेल्या कोब्यात, बारीक भेगा असतात, एवढ्या दाबाचं पाणी भेगेतून आत गेलं की खालच्या घराचं छत ओलं. एका घरासाठी विकत घेण्यात अर्थ नाही, सोसायटीने मिळून एक घ्यावा.

धुऊन झाल्यावर वायपर. इथे पण फरशी बघा. टाइल्सवर स्पंजासारख्या रबराचा वायपर पाणी छान ओढतो, पण शहाबादीच्या सांध्यांमुळे आणि उंचसखल फरशीमुळे तो मधे मधे पाणी सोडून जातो, तिथे जाड एकेरी रबराची पट्टी असलेला घ्या. आम्ही आता पावसाची उघडीप मिळाली की दिवसातून एकदा वायपर फिरवतो, पाच मिनिटं लागतात, आणि माझ्या मते ब्रशपेक्षा या पाच मिनिटांनी जास्त फरक पडला. बहीण ताजा बर्फ लगेच ढकलते तसंच हे, साचलेलं पाणी उभं राहू दिलं नाही की शेवाळाला धरायला वेळच मिळत नाही.

उभं कुठे राहायचं हेही सांगते, कारण साफ करतानाच पडणारे खूप. पायऱ्या घासताना खालच्या पायरीवर उभं राहून वरची घासायची, एक हात कठड्याला, म्हणजे तोल गेलाच तर पुढे पायऱ्यांवर टेकता येतं, वर उभं राहून खाली वाकलं तर तोंडावर आपटायची भीती. पण वरची घाण खाली येते आणि आपण उभे तीच पायरी निसरडी होते, त्यावर उपाय म्हणजे गोणपाट. तांदळाचं जुनं तागाचं पोतं दुहेरी घडी करून ओलं करायचं आणि त्यावर उभं राहायचं, ओला ताग फरशीला असा घट्ट धरतो की हलत नाही. प्लॅस्टिकची विणलेली पोती येतात ती मात्र चुकूनही नको, ती सरकतात. झिजलेल्या तळव्याची स्लीपर घालूनही नको.

तरीही आमची तिसरी पायरी दरवेळी सगळ्यात आधी हिरवी व्हायची आणि मला कळत नव्हतं का. एका रविवारी सकाळी मी मुद्दाम मागच्या दारात चहा घेऊन बसले. साडेसातला कॉर्पोरेशनचं पाणी आलं, आठच्या सुमाराला वरच्या टाकीचा ओव्हरफ्लो सुरू झाला आणि पाईपातून पाण्याची बारीक धार भिंतीवरून ओघळत बरोबर तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात. रोज. जानेवारीतसुद्धा. टाकीतला फ्लोट अडकला होता, प्लंबरने बदलला, अर्ध्या तासाचं काम, आणि दोन वर्षं मी त्या पायरीवर काय काय ओतत होते. तुमच्याकडेही एकच जागा सतत हिरवी असेल तर ब्रश खाली ठेवून आधी पाणी कुठून येतंय ते बघा. एसीच्या आउटडोअरचा पाईप, कुंडीखालची गळकी ताटली, वरच्यांच्या बाल्कनीची मोरी, यातलंच काहीतरी निघतं. आणि वर पेरूची किंवा आंब्याची फांदी आली असेल तर उन्हाळ्यातच छाटून घ्या, दुपारची दोन तास उन्हाची तिरीप आली तरी फरशी सुकते.

गच्चीचं थोडक्यात, कारण तिथे तत्त्व तेच. मेमध्ये कोरडं खरवडणं, पाण्याच्या तोंडाशी जाळी आणि ती दर आठवड्याला हाताने साफ करणं, आणि सोसायटी तयार असेल तर पावसाआधी चुन्याचा हात. ताजा चुना तीव्र अल्कली, त्यावर शेवाळाला सुरुवात करणं अवघड जातं आणि वरच्या मजल्याला उन्हाळ्यात थंडावाही मिळतो. डोळ्यांना जपा, चुना डोळ्यात उडाला तर लगेच खूप पाण्याने धुवून डॉक्टरकडे.

पायऱ्यांना शेवटी आम्ही पाथरवटाकडून टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीने बारीक खड्डे पाडून घेतले, पाट्याला पाडतात तसे, प्रत्येक पायरीच्या पुढच्या कडेला चार-पाच बोटं रुंद पट्ट्यात. टाकीच्या खड्ड्यांत थोडं शेवाळ जास्त बसतं हे मान्य, तेवढ्या पट्ट्यावर खराटा जोरात मारावा लागतो, पण पाय धरतो. आधी आम्ही चिकटणाऱ्या खरखरीत पट्ट्या लावल्या होत्या, त्या जुलै संपायच्या आत कडेने सुटल्या आणि त्यातच पाय अडकायला लागला, म्हणून काढल्या.

यंदा सप्टेंबर आलाय आणि सासूबाई रोज स्वतः मागे जाऊन कढीपत्ता तोडून आणतात, मी कठड्याला हात आहे ना तेवढं बघते. एकच कोपरा राहिलाय, चेंबरच्या झाकणाशी, तिथे फरशीचा उतार उलटा आहे त्यामुळे तळहाताएवढं पाणी साचतंच आणि वायपर पोचत नाही. गवंडी दिवाळीनंतर येतो म्हणालाय, दोन फरश्या उचलून परत बसवायच्या आहेत, तोपर्यंत तिथे गोणपाट टाकलंय आणि दर तीन दिवसांनी बदलतेय.